मारिओ परतला... पण मुक्काम किती दिवस?

एकेकाळी सुट्टीत कॅसेट बदलून बदलून खेळले जाणारे व्हिडिओ गेम आता डिजिटल दुकानात रीतसर विकायला आले आहेत. या जुन्या मालाला नवं गिऱ्हाईक कसं मिळतं? आणि पैसे मोजल्यावर आपल्या पदरात नेमकं काय पडतं?

मे महिन्याची सुट्टी. दुपारचे दोन वाजलेत. घरातली मोठी माणसं वामकुक्षी घेताहेत आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून चार मुलं जमिनीवर मांडी ठोकून बसली आहेत. टीव्हीला एक प्लॅस्टिकचं खोकं जोडलंय. पडद्यावर नुसत्याच रेघा दिसतात म्हणून त्यातली कॅसेट बाहेर निघते, तिच्या तळाला जोरदार फुंकर मारली जाते, कॅसेट पुन्हा आत जाते आणि... लाल टोपीवाला मिशाळ मारिओ टुणटुण उड्या मारू लागतो!

ज्यांचं बालपण १९९०च्या दशकात गेलं, त्यांना हे दृश्य वेगळं सांगायला नको. (फुंकरीने कॅसेट सुधारते, ही मात्र निव्वळ समजूत. श्वासातल्या ओलाव्याने आतले धातूचे पट्टे गंजू शकतात, असा इशारा खुद्द निन्टेण्डो कंपनीनेच दिला आहे.) ती मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांची मुलं मोबाइलवर खेळतात. आणि एखाद्या रविवारी बापाला हुक्की येते, 'चल, तुला आमच्या वेळचा गेम दाखवतो!'

पण दाखवणार कशावर? खोकं केव्हाच भंगारात गेलेलं असतं, कॅसेटचा पत्ता नसतो. इथेच सुरू होते जुन्या गेमच्या नव्या बाजारपेठेची कहाणी.

पाच डॉलरचा भूतकाळ

मुळात आपल्याकडची ती बहुतेक खोकी म्हणजे जपानच्या निन्टेण्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या 'फॅमिकॉम' या यंत्राच्या नकला होत्या. 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ सालचा, 'काँट्रा' १९८७ सालचा. एकाच कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा करणाऱ्या त्या नकली कॅसेटमधून मूळ निर्मात्यांना दमडीही मिळत नव्हती. अर्थात, तेव्हा आपल्याला ते ठाऊकही नव्हतं.

जुने गेम रीतसर, घरबसल्या विकता येतील, हे मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं तेही निन्टेण्डोनेच. नोव्हेंबर २००६ मध्ये कंपनीने 'वी' हे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, बाजारात आणलं. त्यात 'व्हर्च्युअल कन्सोल' नावाचं दालन होतं. यंत्र इंटरनेटला जोडायचं, यादीतून जुना गेम निवडायचा, पैसे भरायचे. काही मिनिटांत गेम घरात! अमेरिकेत फॅमिकॉमच्या काळातला गेम साधारण ५ डॉलरला, त्यानंतरच्या पिढीचा ८ डॉलरला आणि त्याही पुढचा १० डॉलरला मिळे.

कंपन्यांच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा होता. गेम वीस वर्षांपूर्वीच तयार झालेला. डबा नको, कॅसेट नको, वाहतूक नको, दुकानदाराचं कमिशन नको. शिवाय गिऱ्हाईक आधीपासूनच प्रेमात!

पुढे विक्रीची तऱ्हा बदलली. सप्टेंबर २०१८ मध्ये निन्टेण्डोने 'स्विच' या कन्सोलसाठी वर्गणीची योजना आणली. अमेरिकेत वर्षाला सुमारे २० डॉलर भरायचे आणि जुन्या गेमच्या संग्रहातला हवा तो खेळायचा. सोनीनेही प्लेस्टेशनच्या वरच्या दर्जाच्या वर्गणीत जुने गेम घातले. भारतात या योजनेचं नाव 'डीलक्स' असं आहे. थोडक्यात, पुस्तक विकत घेण्याऐवजी वाचनालयाची वर्गणी. वर्गणी थांबली की पुस्तक परत!

दर गुरुवारी एक गेम

जुना गेम दुकानात नुसता ठेवून खपत नाही. रोज शेकडो नवे गेम येत असताना १९८४ सालच्या गेमकडे कोण पाहणार? इथे प्रसिद्धीचं तंत्र कामी येतं.

जपानमधल्या 'हॅमस्टर' नावाच्या कंपनीचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. पार्लरमध्ये नाणी टाकून खेळायचे जुने गेम जसेच्या तसे घरच्या कन्सोलवर आणायचे, हा तिचा उद्योग. 'आर्केड आर्काइव्हज' ही तिची मालिका २०१४ साली सुरू झाली. तिचा परिपाठ म्हणजे दर आठवड्याला, गुरुवारी, एक जुना गेम. साप्ताहिकाच्या अंकाची वाट पाहावी तशी शौकीन मंडळी गुरुवारची वाट पाहतात. शिवाय प्रत्येक गेमला पाच मिनिटांत जास्तीत जास्त गुण मिळवायची स्पर्धा जोडलेली असते आणि जगभरातल्या खेळाडूंची गुणपत्रिका पडद्यावर झळकते. गेम तोच, पण आज पुन्हा खेळायला एक निमित्त मिळतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे वाढदिवस साजरा करणं. कोनामी ही कंपनी १९६९ सालची. तिने २०१९ साली पन्नाशीनिमित्त आपल्या जुन्या गेमचे संच काढले. त्यात आपल्याकडच्या पोरांनी रात्र रात्र जागून खेळलेल्या 'काँट्रा'चाही संच होता. सुटा जुना गेम दुर्लक्षित राहतो. तोच दहा गेमच्या संचात, जुनी चित्रं आणि माहितीसह आला की भेट देण्याजोगी वस्तू होते.

वरवर सोपं, आत किचकट

'जुनाच गेम तर टाकायचा, त्यात काय कठीण?' असं वाटेल. पण जुना गेम आजच्या यंत्राला कळत नाही. त्यासाठी 'इम्युलेटर' नावाचा प्रोग्रॅम लागतो. नव्या यंत्राने जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग घ्यायचं, असं त्याचं काम. हे सोंग जरा चुकलं की आवाज बेसूर होतो, उडी क्षणभर उशिरा बसते आणि पट्टीचा खेळाडू लगेच म्हणतो, 'हा तो गेम नव्हे!'

बदकं मारायचा 'डक हंट' आठवतो? त्यातली बंदूक गोळी सोडत नसे. उलट ती पडद्यावरचा उजेड टिपत असे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीला तो उजेड दिसला की नेम लागला! हा हिशेब जुन्या काचेच्या जाड टीव्हीवर बेतलेला होता. आजचे सपाट टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतात, म्हणून ती बंदूक त्यांच्यापुढे आंधळी ठरते. २०१४ साली हा गेम नव्या कन्सोलवर आला, तेव्हा नेम धरण्याची रीतच बदलावी लागली.

याहून मोठा गुंता हक्कांचा. जेम्स बाँडवरचा 'गोल्डनआय ००७' हा गेम १९९७ साली गाजला. तो बनवला ब्रिटनच्या 'रेअर' या कंपनीने आणि विकला निन्टेण्डोने. २००२ साली रेअर मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. बाँडचे हक्क तर तिसरीकडेच. वडिलोपार्जित घराच्या सात-बाऱ्यावर दहा नावं असावीत आणि एकाची सही राहिली म्हणून व्यवहार अडावा, तसंच हे. सगळ्यांची सहमती होऊन हा गेम पुन्हा रीतसर विक्रीला यायला जानेवारी २०२३ उजाडला.

नाव कुणाचं?

या धंद्यातून एक चांगली गोष्ट घडली, ती म्हणजे विसरलेल्या माणसांना नाव मिळालं. सुरुवातीच्या काळात अमेरिकेतली अटारी कंपनी गेमवर निर्मात्याचं नाव देत नसे. वॉरन रॉबिनेट या तरुण प्रोग्रॅमरला ते खटकलं. त्याने आपल्या 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली बांधली आणि आत स्वतःचं नाव लिहून ठेवलं. कंपनीला पत्ताच नाही! एका मुलाला खेळता खेळता ती खोली सापडली, तेव्हा कुठे बिंग फुटलं. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अटारीच्या पन्नाशीनिमित्त 'अटारी ५०' हा संच निघाला. त्यात शंभरहून अधिक गेम आहेतच. शिवाय ते बनवणाऱ्यांच्या मुलाखती, जुने आराखडे आणि जाहिरातीही आहेत. चालतं-फिरतं संग्रहालयच म्हणा ना! आपल्याकडच्या नकली कॅसेटमधून हे कधीच कळलं नसतं.

शटर खाली!

इथवर सगळं गोड आहे. आता कडू भाग.

मारिओच्या पस्तिशीनिमित्त निन्टेण्डोने १८ सप्टेंबर २०२० रोजी तीन जुन्या मारिओ गेमचा संच काढला आणि सोबत अट घातली, ३१ मार्च २०२१ नंतर विक्री बंद. साडीच्या सेलमध्ये 'शेवटचे तीन दिवस' म्हणतात, तशातलाच प्रकार. पण साड्या निदान संपतात तरी. डिजिटल माल संपण्याचा प्रश्नच नसतो. तरीही ठरल्या दिवशी तो दुकानातून उतरवला गेला.

कधी गेम जातो, तर कधी दुकानच. ज्या 'वी'ने ही वाट दाखवली, त्याचं दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झालं. निन्टेण्डोच्या आणखी दोन कन्सोलच्या दुकानांत २७ मार्च २०२३ रोजी विक्री थांबली. 'एक्सबॉक्स ३६०'चं दुकान २९ जुलै २०२४ रोजी मिटलं. सोनीनेही २०२१ साली 'प्लेस्टेशन ३'चं दुकान बंद करण्याची घोषणा केली होती. गिऱ्हाइकांनी इतका गिल्ला केला, की महिन्याभरात आपला निर्णय चुकल्याचं कंपनीनेच कबूल केलं आणि दुकान चालू ठेवलं.

मग पैसे भरून आपण विकत घेतलं तरी काय? बहुतेक वेळा खेळण्याची परवानगी. वस्तूची मालकी नव्हे. हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, असा कायदाच अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने केला. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

पुण्यातला धडा

कुणी म्हणेल, 'गेमच तर आहेत! गेले तर गेले.' एकेकाळी मूकपटांबद्दलही असंच म्हणत होते. आपल्याकडचे बहुसंख्य मूकपट आज नाहीत. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून रिळं गोळा केली, म्हणून दादासाहेब फाळक्यांचं काम थोडंफार तरी आपल्याला पाहता येतं. वितरकांना धंद्यात उपयोग उरला नव्हता, ती रिळं त्यांनी जपली.

गेमच्या बाबतीत ही भीती किती खरी आहे? अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ साली पाहणी केली. तिच्या निष्कर्षानुसार २०१० सालापूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कोणत्याच दुकानात रीतसर विकत मिळत नाहीत. ते नष्ट झाले असं नव्हे. पण खेळायचे तर जुनं यंत्र शोधा, नाहीतर चोरीची प्रत वापरा, एवढेच मार्ग उरतात. अभ्यासकांना हे गेम घरबसल्या पाहू देण्याची मुभा मिळावी, अशी ग्रंथालयं आणि संग्रहालयांच्या बाजूने मागणी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. लोक करमणुकीसाठीच गेम खेळतील आणि जुन्या गेमच्या नव्या बाजाराला धक्का बसेल, हे त्यामागचं एक कारण!

म्हणजे दुकानात जे आलं नाही ते दुकानदार देत नाही, आणि दुकानाला धक्का नको म्हणून ग्रंथालयालाही देता येत नाही. दुकानाचं काम विकण्याचं. जपण्याचं काम कुणीतरी वेगळ्याने करावं लागतं, हाच पुण्याचा धडा.

घेण्यापूर्वी एवढं पाहा

* गेम कायमचा मिळतो आहे की वर्गणी असेपर्यंतच? एखाददुसराच गेम हवा असेल, तर सुटा घेणं परवडतं.
* वर्गणी आपोआप पुढे चालू राहते का ते तपासा. नको असेल तर ती सोय लगेच बंद करा.
* मुलांच्या हाती यंत्र देण्याआधी खरेदीला पासवर्ड लावा. वयाची शिफारस जुन्या गेमलाही असते, ती वाचा.
* संचात कोणकोणते गेम आहेत, याची यादी पाहूनच पैसे भरा.
* उडी उशिरा बसत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' आहे का ते बघा.
* माळ्यावर जुनी कॅसेट किंवा सीडी सापडली तर भंगारात देऊ नका. त्या प्रतीचं शटर दुसरं कुणी खाली ओढू शकत नाही.

आणि हो, रविवारी मुलाला मारिओ दाखवाल, तेव्हा तो पहिल्याच खड्ड्यात पडला तर हसू नका. तुम्हीही पडला होतात! फक्त तो कुणी बनवला, कुठून आला, हेही त्याला सांगा. दुकान उद्या बंद झालं, तरी तेवढं त्याच्यापाशी राहील.