रविवारची मालिका, गुरुवारची सुटी

भोसरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. सारे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकीचे सहा दिवस एकदम चालू, असे झाले तर विजेचा भार पेलायचा कसा? म्हणून निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार नेमून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. वाचक म्हणतील, दूरदर्शनच्या मालिकेवर लिहायला बसलेल्या बाईने हे विजेचे पुराण कशाला काढले? पण आमच्या गोष्टीची सारी मेख त्या गुरुवारातच आहे.

साल १९९४. आमच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. चिंचवडला दोन खोल्यांत सासूबाई, हे आणि मी असे तिघे राहत होतो. हे भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात लेथवर होते. सकाळी डबा घेऊन सायकलवरून जात, ते संध्याकाळी कपड्यांना तेलाचा वास घेऊन परतत. आमच्यात भांडण नव्हते. पण बोलणेही नव्हते. "भाजीत मीठ बरोबर होते ना?" "हं." एवढ्यावर आमचा संसार चालला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर कधी कधी वाटे, जन्मभर हे असेच चालायचे की काय!

त्याच वर्षी रविवारी सकाळी 'चंद्रकांता' सुरू झाली. रंगीत संच शेजारच्या भाभींकडे. त्या मूळच्या मिर्झापूरकडच्या. सासूबाई आणि मी तिथे जाऊन बसलो. खरे सांगायचे तर मला आधी हसूच आले. काय ते दागिने, काय तो धूर! तलवारी तर एकमेकींना लागण्याआधीच खणखणत होत्या. पण भुवया कपाळावर चढवलेला क्रूरसिंग आला, 'यक्कू' म्हणाला, आणि माझे हसू कुठल्या कुठे पळाले. अखिलेंद्र मिश्रांनी तो असा उभा केला की आळीतली पोरे आठवडाभर 'यक्कू, यक्कू' करत हिंडू लागली. सासूबाईंनी मात्र निकाल देऊन टाकला, "हे आमच्या नाथमाधवांच्या 'वीरधवला'सारखेच आहे हो!"

भाभींना मालिका मुळीच पसंत नव्हती. त्यांनी पुस्तक वाचले होते आणि मालिका पुस्तकाला सोडून भलतीकडेच भटकत होती. देवकीनंदन खत्रींची ती कादंबरी १८८८ची. खत्री काशीनरेशांच्या राज्यात चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेत. तिथल्या पडक्या गढ्या पाहता पाहता त्यांना ही अद्भुत सृष्टी सुचली. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले, असे सांगतात. पुढे त्यांनी 'चंद्रकांता संतति' चोवीस भागांत लिहिली. त्यातले ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी आणि पहिलवान एकाच अंगात! झोळीत बेशुद्ध करायची पूड आणि शुद्धीवर आणायचा लखलखा सदैव तयार. आणि तिलिस्म म्हणजे गुप्त कळींनी बंद केलेला खजिन्याचा भुलभुलैया. भाभी म्हणत, पुस्तकात जादू नाही, सगळी कळींची करामत आहे. मालिकावाल्यांनी उगीच जादूटोणा घातला.

पहिल्या गुरुवारी दुपारी वीज गेली होती. सासूबाईंचा डोळा लागला होता. हे पंख्याकडे पाहत पडले होते. काहीतरी बोलावे म्हणून मी विजयगडची राजकन्या आणि नौगढचा राजकुमार यांची गोष्ट सुरू केली. हे ऐकत आहेत की नाही, कळेना. मी थांबले, तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मग?"

त्या 'मग'ची किंमत मला कोणी विचारावी! पुढच्या गुरुवारी तिलिस्मातले दार निघाले. आपोआप उघडणारे, आत माणूस शिरताच मिटणारे. हे एकदम उठून बसले. "आपोआप कसे? खाली स्प्रिंग पाहिजे, आणि पायरीखाली दांडा." वहीतले पान फाडून त्यांनी दार काढले, दांडा काढला, दातेरी चाक काढले. अर्धा तास बोलत होते. इतके शब्द मी त्यांच्या तोंडून दोन वर्षांत ऐकले नव्हते. दारावरून ते कारखान्यावर आले, कारखान्यावरून लहानपणावर आले, आणि चहा गार झाला तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

मग मी रविवारी मालिका निराळ्याच डोळ्यांनी पाहू लागले. कुठे कळ आहे, कुठे भुयार आहे, इकडे माझे ध्यान. कधी भागात काहीच नसे. तेव्हा एखादे दार मी पदरचेही घातले. मालिका १९९६पर्यंत चालली, आणि कागदांची ती चळत मी अजून ट्रंकेत जपून ठेवली आहे.

आमचा मुलगा आता चाकणला नोकरीला आहे. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरची 'गेम ऑफ थ्रोन्स' ही इंग्रजी मालिका २०११ साली सुरू होऊन २०१९ साली संपली. ती तो हल्ली कंपनीच्या बसमध्ये, कानात यंत्र घालून एकटाच पाहतो. परवा मी विचारले, "काय रे, आज काय झाले त्यात?" तर म्हणाला, "आई, पुढचे सांगायचे नसते. सांगितले की मजा जाते."

हे दाराशी सुपारी कातरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "चंद्रकांतेचे लग्न कोणाशी होते, ते तुझ्या आईने मला पहिल्याच गुरुवारी सांगून टाकले होते. तरी मी दोन वर्षे ऐकत होतो."

मुलाने कानातले यंत्र काढून ठेवले.

"मग?" हे म्हणाले.