शिक्का तीनशेचा, धाव साडेचारशेची

संगणकाच्या प्रोसेसरवर जो वेग छापलेला असतो तीच त्याची कमाल मर्यादा, असे आपण समजून चालतो. ही समजूत १९९८ साली पार मोडली. त्या ऑगस्टमध्ये इंटेलने 'सेलेरॉन ३००ए' आणला. वेग ३०० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत १४९ डॉलर. त्याच वेळी आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-टूला मात्र ६६९ डॉलर मोजावे लागत. सेलेरॉनचा गुणक साडेचारवर कुलूपबंद होता खरा, पण मदरबोर्डाचा ठोका ६६चा १०० केला, की साडेचारपटीने तोही थेट ४५०वर! तैवानच्या अबिट कंपनीच्या 'बीएच-६' बोर्डावर तर पेटी न उघडता, पडद्यावरच्या यादीतून हे साधे. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

एवढा वेग आतमध्ये शिल्लक राहतो कसा? चिपवर शिक्का मारताना चाचणी होतेच, पण कोणत्या किमतीचा माल किती खपेल हेही पाहिले जाते. आमच्या बँकेत ऑफिसरच्या लायकीचे कितीतरी कारकून, जागा नाहीत म्हणून काउंटरवरच बसलेले असत. त्यातलाच हा प्रकार.

अर्थात प्रत्येक चिप ४५० गाठत नसे. मग हट्टी मंडळी व्होल्टेज चढवीत. इथे गणित महाग पडते. चिपचा वीजखप वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग दीडपट केला आणि २ व्होल्टचे २.२ केले, तर खप सुमारे ८० टक्क्यांनी वाढणार. ती सगळी उष्णता! वॉरंटी तर गेलीच. आता इंटेल स्वतःच गुणक खुला असलेले, नावात 'के' असलेले प्रोसेसर जादा किमतीला विकते, ही त्यातली मौज.

माझ्या पुतण्याने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवला आणि वेग असाच चढवला. "काका, सोसायटीचे हिशेबही यावरच ठेवू या," म्हणाला. मी साफ नाही म्हटले. यंत्र बंद पडले तर निदान कळते तरी. ताणलेली चिप कधी कधी चालू राहते आणि एखादाच आकडा चुकवते. चाराण्यांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत ताळा जुळवत बसलेल्या माणसाला त्याचीच धास्ती.

पुतण्या चिडला नाही. 'प्राइम-९५' नावाचा प्रोग्राम त्याने रात्रभर लावून ठेवला. उत्तरे आधीच ठाऊक असलेली अवजड गणिते तो यंत्राकडून करून घेतो आणि पडताळतो. पहाटे चारला पडद्यावर चूक उमटली. आदल्या संध्याकाळी त्याच यंत्रावर पोरगा तीन तास खेळला होता, आणि काही बिघडल्याचे त्याला जाणवलेही नव्हते.