सदऱ्याची खरी किंमत

कपडा स्वस्त मिळावा, ही सामान्य माणसाची अपेक्षा गैर नव्हे. पालघर-बोईसरच्या बाजारात 300 रुपयांचा तयार सदरा पाहून महिन्याचा मेळ घालणारा कारकून थबकला, तर त्यात नवल ते काय? परंतु तो सदरा 20 धुण्यांत विटला, तर प्रत्येक वापरास 15 रुपये पडतात. 900 रुपयांचा सदरा 120 धुणी टिकला, तर साडेसातच. हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

स्पेनची झारा 2010 मध्ये व स्वीडनची एच अँड एम 2015 मध्ये भारतात आली. काही आठवड्यांत नवी तऱ्हा दुकानात आणण्याची त्यांची रीत आता लहान गावांतील दुकानांनीही उचलली आहे. कपडा फाटण्यापूर्वीच तो जुना ठरावा, यावरच हा व्यापार चालतो.

या घाईचे दुसरे टोक तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत दिसते. तेथे कापड विणले व रंगविले जाते. रंगाईत कापड वारंवार पाण्यातून काढावे लागते. न चढलेला रंग व क्षार त्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. रसायने व औषधांच्या कारखान्यांचे सांडपाणीही त्यात मिसळत असल्याने सारा दोष कापडाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात 93.69 गुणांसह तारापूर देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, व 2022 मध्ये लवादाने शंभरावर उद्योगांना भरपाईचा आदेश दिला. दुकानात न चुकविलेली किंमत खाडीकाठच्या मच्छीमारांकडून अशी वसूल होत आली आहे.

महाग नाममुद्रा म्हणजे टिकाऊपणा, असेही मानू नये. सदरा उलटून पाहावा. शिवणीत पुरेशी माया आहे काय, काजाचे टाके घट्ट आहेत काय, हे तपासावे. कापड घेऊन शिंप्याकडून शिवून घेणे व झिजलेली कॉलर उलटवून घेणे, ही मागच्या पिढीची काटकसर लाजिरवाणी नव्हती.

सांडपाणी शुद्ध करूनच सोडले जाईल, हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. गिऱ्हाइकाने त्याचा भार आपल्या शिरावर घेण्याचे कारण नाही. मात्र सदरा दुप्पट काळ वापरला, तर एका सदऱ्याची रंगाई वाचते. तेवढे करणे प्रत्येक घराच्या हाती आहे.