मांजराचे इन्सुलिन थांबले, पुढे काय?

मांजराला मधुमेह होतो म्हटले की आपल्याकडे अजून हसू येते. पण घरातच वाढलेल्या, लठ्ठ, उतारवयाच्या मांजरांत, त्यातही खच्ची केलेल्या बोक्यांत, हा विकार चांगलाच आढळतो. मांजर भांडेभर पाणी पिते, वारंवार लघवी करते आणि भूक असूनही वाळत जाते. काही मांजरे मागचे पाय घोट्यापर्यंत टेकवून चालू लागतात.

हा मधुमेह बराचसा माणसाच्या टाइप-२ मधुमेहासारखा असतो. रक्तातील साखर फार काळ चढी राहिली की तिच्याच माऱ्याने स्वादुपिंडातील पेशी थकतात. निदान होताच इन्सुलिन आणि योग्य आहार सुरू केला तर त्या पेशींना विश्रांती मिळते व त्या पुन्हा कामाला लागतात. मांजर हा मांसाहारी प्राणी. त्याला दूधभात आणि पोळी घालणे ही आपली हौस, त्याची गरज नव्हे. पिष्टमय पदार्थ कमी केल्यावर व वजन उतरल्यावर बऱ्याच मांजरांचे इन्सुलिन हळूहळू कमी करून बंदही करता येते. लवकर उपचार मिळालेल्यांत हे अधिक घडते.

मी माणसांचा डॉक्टर. इन्सुलिनची मात्रा पशुवैद्यच ठरवतील. पण ते बंद झाल्यावर घरातल्यांनी काय करायचे, हे दोन्हीकडे सारखेच आहे: मोजत राहायचे. इन्सुलिनविना किमान चार आठवडे साखर नॉर्मल राहिली तरच मधुमेहाने माघार घेतली असे पशुवैद्य साधारणपणे मानतात. मांजराच्या कानाच्या कडेला बारीक सुई टोचून थेंबभर रक्तात घरीच तपासणी होते. घरीच का, तर दवाखान्यात नेलेले मांजर भेदरते आणि भीतीनेच त्याची साखर चढते. माणसांसाठीचे यंत्र मांजराची साखर खरीपेक्षा काहीशी कमी दाखवते, हेही ध्यानात ठेवावे. फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते. तिच्यावर त्या भीतीचा परिणाम होत नाही.

वहीत तारीख, साखर, पाणी किती प्याले आणि वजन लिहावे. मांजर पिशवीत घालून किराणा दुकानातील काट्यावरही वजन होते! पाणी पिणे वाढले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. माघार घेतलेल्या मांजरांपैकी साधारण चारांत एकाला मधुमेह परत होतो, असे काही अभ्यासांत दिसले. खाजेसाठी दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शनही त्याला निमित्त होऊ शकते.

इन्सुलिन कमी करण्याच्या काळात उलटाही धोका असतो. मांजर लटपटू लागले, निपचित पडले किंवा त्याला झटके आले तर साखर खाली गेली असे समजून हिरड्यांना मध किंवा साखरपाणी चोळावे. घशात ओतू नये. लगेच पशुवैद्याकडे न्यावे. आपल्याकडे ४० युनिटचे इन्सुलिन मिळते आणि १०० युनिटचेही. एकाची सिरिंज दुसऱ्याला वापरली तर मात्रा अडीच पटीने चुकते. अवघड रुग्णासाठी अकोल्याला पशुवैद्यक व पशुविज्ञानाची पदव्युत्तर संस्था आहे.

हे वाचून कोणी आपली सुई बंद करू नये म्हणून माणसांचेही सांगतो. स्कॉटलंड व इंग्लंडमध्ये टायनसाइड परिसरात झालेल्या 'डायरेक्ट' अभ्यासात, वजन उतरवणाऱ्या गटातील शंभरांपैकी ४६ जणांचा टाइप-२ मधुमेह वर्षभरात माघारी गेला. हे निष्कर्ष २०१७ साली आले. दोन वर्षांनी हा आकडा ३६ वर आला. हे रुग्ण इन्सुलिनवरचे नव्हते आणि मधुमेह जडून सहा वर्षांहून अधिक झाली नव्हती. औषध बंद करून किमान तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.५ च्या खाली असेल तरच माघार म्हणावी, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२१ मध्ये ठरवले.

लहान मुलांच्या टाइप-१ मधुमेहाची गोष्ट मात्र अगदी वेगळी. निदानानंतर काही महिने त्यांनाही इन्सुलिन फार थोडे लागते, आणि घरच्यांना वाटते की अमक्याच्या काढ्याने पोर बरे झाले. अशा मुलाची सुई बंद केली तर उलट्या, पोटदुखी, धाप आणि बेशुद्धी अशा क्रमाने काही दिवसांत जीव धोक्यात येतो. उलट्या सुरू होताच त्याला रात्री-बेरात्री का होईना, दवाखान्यात आणावे, आणि येताना इन्सुलिनची बाटली व वही सोबत आणावी.