सर्व्हर अद्ययावत केला, क्लायंटचं काय?

डेटाबेसची सुरक्षा म्हटलं की सगळं लक्ष सर्व्हरकडे जातं. क्लायंट फक्त प्रश्न पाठवतो, त्यात काय धोका, असं पुष्कळ जण धरून चालतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पाने १३ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर केलेली सीव्हीई-२०२५-१०९४ ही त्रुटी मात्र क्लायंटकडच्या लिबपीक्यू लायब्ररीत होती. रॅपिड७ कंपनीचे संशोधक स्टीफन फ्यूअर यांना ती बियॉन्डट्रस्टच्या रिमोट सपोर्ट सॉफ्टवेअरमधल्या वेगळ्याच त्रुटीचा तपास करताना सापडली.

इनपुट एस्केप केलं की एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे मजकुरातून आज्ञा घुसवण्याची, भीती संपली, हा समज इथे मोडला. मजकुरात एकेरी अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहून निरुपद्रवी करायचं, हे लिबपीक्यूच्या काही फंक्शनचं काम. यूटीएफ-८ मध्ये काही बाइट 'माझ्यानंतर अजून एक बाइट येतोय' असं सांगतात. असा बाइट देऊन त्याला लागून अवतरणचिन्ह ठेवलं, की फंक्शन दोन्ही मिळून एकच अक्षर समजायचं आणि चिन्ह तसंच सोडून द्यायचं. पीएसक्यूएल हा कमांड लाइनचा क्लायंट मात्र ते चिन्ह सुटं वाचायचा. त्याच्या लेखी मजकूर तिथे संपायचा आणि पुढचं सगळं आज्ञा म्हणून चालायचं.

असे अवैध बाइट सर्व्हर नाकारतोच की! खरं आहे, पण पीएसक्यूएलच्या स्वतःच्या आज्ञा सर्व्हरपर्यंत जातच नाहीत. उलटी तिरकी रेघ आणि उद्गारचिन्ह दिलं की त्यापुढची शेल कमांड पीएसक्यूएल ज्या मशीनवर सुरू आहे तिथेच चालते. मला यातला सर्वांत गंभीर भाग हाच वाटतो.

म्हणून पोस्टग्रेस वापरणारं प्रत्येक ॲप उघडं पडलं, असंही नाही. एस्केप केलेला मजकूर क्वेरीत जोडून ती पीएसक्यूएलला देणाऱ्या स्क्रिप्टला हा धोका होता. मूल्यं पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवली, तर अवतरणचिन्हांचा प्रश्नच येत नाही.

आणि कृपा करून यावर उपाय म्हणून फॉर्ममध्ये मराठी नावं बंद करू नका. 'म' हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि पूर्णपणे वैध असतं. दोष तुटक्या बाइटच्या हाताळणीत होता, देवनागरीत नव्हे.

दुरुस्ती १७.३, १६.७, १५.११, १४.१६ आणि १३.१९ या आवृत्त्यांत आली. त्या दुरुस्तीतच एक चूक राहिल्याने २० फेब्रुवारीला १७.४ आणि तिच्या जोडीच्या आवृत्त्या काढाव्या लागल्या, तेव्हा निदान तिथपर्यंत यायलाच हवं. आवृत्ती १२ चा अधिकृत आधार नोव्हेंबर २०२४ मध्येच संपला होता, म्हणून ती या यादीत नाही.

सर्व्हर बदलला म्हणजे काम झालं, हा समज सर्वांत चिवट. पीएसक्यूएल आणि लिबपीक्यू बॅकअपच्या मशीनवर, ॲपच्या कंटेनरमध्ये, डेव्हलपरच्या लॅपटॉपवर वेगवेगळे बसवलेले असतात. पायथॉनचं सायकोपीजी२-बायनरी पॅकेज तर लिबपीक्यूची स्वतःची प्रत सोबत आणतं. डेटाबेस सर्व्हर अद्ययावत केला तरी ती प्रत जुनीच राहते. ते पॅकेजच नव्याने बसवावं लागतं.