चिमणी दार उघडेना

गाळप सुरू झाले की टोळ्यांबरोबर पोरेही येतात. परवा आम्ही तळावरच्या साखरशाळेत डोकावलो. बाई चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगत होत्या. गोष्ट आपली जुनीच. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी बाळाला न्हाऊ घालण्यात गुंतलेली. बाईंनी भर घातली ती एवढीच, की चिमणी बाळाचे हात साबणाने चोळते आणि वीस आकडे पुरे होईतो दार उघडत नाही. पोरे हात चोळीत मोठ्याने आकडे म्हणत होती. कावळ्याची कुणाला कीव म्हणून नाही!

जंतांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. नखांतल्या मातीतून भाकरीबरोबर पोटात जातात. हे व्याख्यान पहिलीच्या पोराला काय कळणार? चिमणी मात्र कळते.

जेवणाच्या सुट्टीत एक पोरगी हात पुढे करून पिंपापाशी उभी राहिली. पिंप कोरडे. बाई गप्प, आम्हीही गप्प.

तळाजवळ ज्या सभासदांच्या विहिरी आहेत, त्यांनी आळीपाळीने रोज एक पिंप भरून द्यावे. साबणाच्या वड्या आम्ही पोचवतो.