पाय सुजतात? दाबाचे मोजे घेण्याआधी एवढे वाचा

मासळीच्या कारखान्यात ओल्या लादीवर दिवसभर उभे राहून कोळंबी सोलायची, काजूच्या कारखान्यात तासन्‌तास एका जागी बसायचे, चार घरची धुणीभांडी करायची, नाहीतर दुकानात गिऱ्हाईक सांभाळायचे. रत्नागिरीच्या आपल्या वस्त्यांतल्या कित्येक भगिनींचा दिवस असाच जातो. संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढली की पायावर पट्ट्याचा वळ दिसतो, पैंजण घोट्यात रुततात, पोटऱ्या ठणकतात. सिक्युरिटीत बारा-बारा तास उभे राहणाऱ्या आपल्या बांधवांचीही हीच तक्रार असते. मग कोणीतरी सांगते, “मेडिकलमध्ये घट्ट मोजे मिळतात, ते घाल.”

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. योग्य पायाला, योग्य मापाचा मोजा खरोखर आराम देतो. चुकीच्या पायाला तोच मोजा इजा करतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी नीट माहिती करून घेऊ या.

पाय का सुजतात?

हृदयाकडून पायात आलेले रक्त परत वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि शिरांतले रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली उतरू नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. एकाच जागी उभे राहिले किंवा पाय लोंबकळत ठेवून बसले की पोटरी काम करत नाही. रक्त खाली साठते, त्यातले पाणी आजूबाजूला झिरपते आणि घोटा सुजतो. वर्षानुवर्षे असे झाले की झडपा सैल पडतात आणि निळ्या, वेड्यावाकड्या शिरा फुगून दिसू लागतात. त्यांनाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. गरोदरपण आणि वाढलेले वजन यांनीही हा त्रास वाढतो.

दाबाचा मोजा घोट्याजवळ सर्वांत घट्ट असतो आणि वर गुडघ्याकडे सैल होत जातो. त्यामुळे रक्ताला वर जायला मदत होते. तो सूज आणि जडपणा कमी करतो. पण बिघडलेली झडप तो दुरुस्त करत नाही. मोजा काढला आणि पुन्हा दिवसभर उभे राहिले, तर सूज परत येते.

आधी डॉक्टर, मग मोजा

सगळी सूज उभे राहिल्याने येत नाही. पुढे दिलेल्यांपैकी काही असेल तर मोजा घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा.

* एकच पाय अचानक सुजला, दुखतो, गरम लागतो : शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोबत धाप किंवा छातीत दुखणे असेल तर एक मिनिटही थांबू नका. १०८ ला फोन करा.
* दोन्ही पाय सुजतात आणि आडवे झाल्यावर धाप लागते, किंवा सकाळी उठल्यावर चेहराही सुजलेला असतो : हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असू शकतो.
* गरोदरपणात एकाएकी सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी : रक्तदाब वाढल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी तपासून घ्या.
* बीपीची गोळी सुरू झाल्यावर सूज आली : अम्लोडिपिनसारख्या गोळीने घोटे सुजू शकतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.
* मधुमेह आहे आणि पायाला बधिरपणा आहे, पायावर जखम आहे, किंवा थोडे चालले की पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर जातो : अशा पायात रक्तपुरवठाच कमी असू शकतो. त्यावर घट्ट मोजा चढवला तर कातडी काळी पडून जखम होऊ शकते. डॉक्टर पायाची नाडी तपासतील, गरज वाटल्यास घोट्याचा आणि हाताचा रक्तदाब मोजून पाहतील. त्यांनी होकार दिला तरच मोजा घाला.

माप घ्यायचे कसे?

“मीडियम द्या” असे सांगून मोजा घेऊ नका. माप सकाळी, सूज चढण्याआधी घ्यायचे. शिवणकामाची टेप पुरते. तीन मापे लिहून घ्या : घोट्याच्या हाडाच्या वर जिथे पाय सर्वांत बारीक असतो तिथला घेर, पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर आणि टाचेपासून गुडघ्याच्या खालपर्यंतची उंची. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा. ही मापे खोक्यावरच्या तक्त्याशी जुळवून पाहा.

खोक्यावर दाबाचा आकडाही असतो. नुसत्या थकलेल्या, संध्याकाळी थोड्या सुजणाऱ्या पायांना १५ ते २० एमएमएचजी हा हलका दाब पुरतो. २० ते ३० किंवा त्याहून जास्त दाबाचा मोजा डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. आकडा नसलेला, वरपासून खालपर्यंत सारखाच घट्ट असलेला मोजा या कामाचा नाही. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरतो, मांडीपर्यंतचा महाग मोजा घ्यायची गरज नसते. अंगठ्याची चप्पल आणि जोडवी घालणाऱ्यांनी पुढून उघडा मोजा घ्यावा.

घालायचे कसे?

१. सकाळी उठल्या-उठल्या घाला. कामे आटपून घालायचा असेल तर आधी पाय उशीवर उंच ठेवून दहा-पंधरा मिनिटे पडून राहा.

२. पैंजण काढून ठेवा. हाताची नखे कापलेली असू द्या.

३. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत घाला, टाच बरोबर टाचेवर बसवा आणि मग थोडा-थोडा वर सरकवा. काठ धरून ओढू नका. हातात भांडी घासायचे रबरी मोजे घातले की पकड चांगली बसते.

४. एकही चुणी ठेवू नका. वरचा काठ दुमडू नका. दुमडलेला काठ दोरीसारखा आवळतो.

५. बोटे निळी पडली, मुंग्या आल्या, दुखू लागले तर लगेच काढा.

६. रात्री झोपताना काढा. घरात गुळगुळीत लादीवर नुसत्या मोज्याने चालू नका, पाय घसरतो.

आपल्या कोकणच्या पावसात एक काळजी जास्तच घ्यायला हवी. ओला मोजा पायात ठेवला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मासळीच्या कामात गमबुटात पाणी शिरले तर मोजा बदला, पाय कोरडे पुसा. म्हणून जमल्यास दोन जोड ठेवा. रोज साध्या साबणाने थंड पाण्यात धुवा, पिळू नका, चुलीवर किंवा उन्हात वाळवू नका. पाच-सहा महिन्यांत ताण सैल पडतो, तेव्हा नवा घ्यावा लागतो. हा खर्च आधीच लक्षात घ्या.

पैसे नसतील तर?

मोजा परवडत नाही म्हणून काहीच करता येत नाही, असे नाही. उभ्या-उभ्या दर अर्ध्या तासाने वीस वेळा टाचा वर-खाली करा. बसून काम असेल तर पावले घोट्यात हलवा, तासातून एकदा उठून चार पावले चाला. घरी आल्यावर पाय छातीपेक्षा उंच ठेवून पंधरा मिनिटे पडा. पावसाळ्यात सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा, लोणचे, पापड रोज पानात असते. त्यातले मीठ अंगात पाणी धरून ठेवते, तेही कमी करा.

आणि बसायला मागा. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्येच लिहिले होते आणि नव्या कामगार संहितेतही ती तरतूद आहे. केरळात दुकानांत काम करणाऱ्या बायांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथला दुकान कायदा बदलला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराच्या अंगाला किती झेपते, हा प्रश्न तेव्हाही कायद्याचाच होता.

एकटीने सुपरवायझरला सांगणे जड जाते. चौघी-पाचजणी मिळून सांगा : “काम थांबवत नाही, फक्त बसायला स्टूल द्या.” मोजा पायाला आधार देतो, पण पायाला विश्रांती तर स्टूलच देते.